आपल्या वर्धेची खाडी

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. फोटो नंतर टाकतो.

खाडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोकण येतं. दाभोळ, जयगड, राजापूर. भद्रावतीच्या माणसाचा आणि खाडीचा संबंध काय? आपल्याकडं डोलारा तलाव, विजासनची लेणी, कोळशाच्या खाणी आणि उन्हाळ्यातलं सत्तेचाळीस डिग्री. समुद्र म्हणजे शाळेची सहल, नाहीतर लग्नानंतरचा गोवा. मीपण असंच समजत होतो. पण आपल्या वर्धा नदीलाही एक खाडी आहे, फक्त ती आपल्यापासून फार लांब, बंगालच्या उपसागरावर आहे. तिच्या काठी दोन जुनी गावं आहेत, यानम आणि कोरंगी. गेल्या डिसेंबरात ती पाहून आलो. सासरकडचे एक नातेवाईक नोकरीनिमित्त काकीनाड्याला आहेत, त्यांच्याकडं जायचं होतं. जाताना रेल्वेनं गेलो. येताना मात्र मुद्दाम गाडी करून नदीच्या कडेकडेनं आलो, बायकोची बोलणी खाऊन.

आधी नदीचा हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वर्धा निघते मध्य प्रदेशात मुलताईजवळ, सातपुड्यात. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडून जाते, वढ्याला पैनगंगेला घेते (कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला गेलेल्यांना तो संगम माहीत आहे), मग खाली चपराळ्याकडं वैनगंगेला मिळते. तिथून पुढं दोघींचं नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत मिळते, समोरच्या तीरावर कालेश्वर. गोदावरी तिथून भद्राचलम, पापीकोंडाचे डोंगर, राजमहेंद्री असं करत समुद्राकडं जाते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमनंतर तिचे फाटे होतात. त्यातला गौतमी नावाचा फाटा यानमवरून समुद्रात जातो.

आपण गोदावरी म्हटलं की नाशिक म्हणतो. पुण्य नाशिकचं असेल, पण पाणी आपलं आहे. गोदावरीच्या सगळ्या उपनद्यांत सर्वात मोठी प्राणहिता. तिचं खोरं सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

यानम हे गंमतीशीर गाव आहे. चारी बाजूंनी आंध्र प्रदेश आणि मधलं हे एवढंसं गाव पुदुच्चेरीचं, कारण ते फ्रेंचांचं होतं. अठराव्या शतकात फ्रेंचांनी इथं वखार घातली, कापडाच्या व्यापारासाठी. मधल्या काळात इंग्रजांनी अनेकदा घेतलं, परत दिलं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला तरी यानमवर फ्रेंच झेंडा होता, तो १९५४ ला उतरला. त्याआधीची एक गोष्ट तिथं सगळे हसत सांगतात. १९३० पासून ब्रिटिश हद्दीत शारदा कायदा लागू झाला, बालविवाहाला बंदी आली. फ्रेंच हद्दीत तो कायदा लागू नव्हता. मग आजूबाजूच्या तेलुगू घरांतली वऱ्हाडं यानमला येऊन लग्नं उरकायला लागली आणि गावाचं नाव पडलं कल्याणपुरम. कायदा होतो तिथून पळवाट किती कोसावर आहे हे शोधण्यात आपण सगळे एकसारखेच.

नदीकाठी चांगला बांधलेला रस्ता आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथं येऊन बसतं. समोर गौतमी. पात्र इतकं रुंद की पलीकडचे नारळ बोटाएवढे दिसतात. भरती होती. पाणी समुद्राकडून आत येत होतं, म्हणजे नदी उलटी वाहत होती म्हणा ना. आपण विदर्भातले लोक, नदी एकाच दिशेनं जाते हे आपल्या हाडात बसलेलं. मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. तेवढ्यात एक मासेवाला जाळं आवरत होता, त्यानं तोडक्या हिंदीत विचारलं, कुठले? महाराष्ट्र म्हटलं तर म्हणाला, मुंबई? मी म्हटलं नाही भाऊ, तुझ्या या नदीच्या वरच्या टोकाला आमचं गाव आहे. त्याला ते काही पटलं नाही. पण म्हणाला, पुरात वरून मोठमोठी झाडं येतात, सागाची असली तर आमची चैन.

यानमजवळून एक फाटा निघतो, त्याच्यावर कोरंगी. आज तिथं खारफुटीचं अभयारण्य आहे, लाकडी पायवाटेवरून जंगलात फिरता येतं, होड्या मिळतात. पोरं सेल्फी काढतात. पण हे कोरंगी एकेकाळी पूर्व किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. इथं जहाजं बांधत, दुरुस्त करत. इथून माणसं जहाजात बसून ब्रह्मदेशात मजुरीला जात. इतकी, की रंगूनला तेलुगू मजुराला 'कोरंगी' असंच नाव पडलं. गावाचं नाव माणसाला चिकटलं आणि मग गावच राहिलं नाही.

१७८९ च्या डिसेंबरात वादळ आलं, समुद्राच्या लाटा गावावरून गेल्या. गाव पुन्हा उभं राहिलं. १८३९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच. त्यात तीन लाख माणसं मेल्याचा आकडा इंटरनेटवर फिरतो. माझा त्यावर विश्वास नाही, एका बंदराच्या गावात आणि त्याच्या आसपास तेवढी वस्ती त्या काळी असायला हवी ना. पण गाव बसलं ते बसलंच. अशा वादळांचा अभ्यास करणारा हेन्री पिडिंग्टन नावाचा माणूस कलकत्त्यात होता, त्यानं १८४० च्या दशकात या प्रकाराला 'सायक्लोन' हे नाव दिलं. आज टीव्हीवर आपण ऐकतो तो शब्द या उपसागरातल्या वादळांवरून आलेला आहे.

वादळानं मारलं हे खरं, पण नदीनं त्याआधीपासूनच मारायला घेतलं होतं. गोदावरीचा गाळ. दरवर्षी पूर आला की गाळ येतो, खाडी उथळ होते, मोठी जहाजं आत येईनाशी होतात. शेवटी व्यापार उत्तरेला काकीनाड्याकडं सरकला. काकीनाड्यासमोर होप आयलंड नावाची लांबलचक वाळूची पट्टी आहे, ती गेल्या दोनेकशे वर्षांत याच गाळानं तयार झालेली. म्हणजे बघा, वरोरा-हिंगणघाटकडच्या काळ्या मातीतला काही भाग आज समुद्रात बेट होऊन बसला आहे आणि त्याच्यामुळं काकीनाडा वादळापासून थोडंफार वाचतं. आपल्या शेतातली माती गेली म्हणून आपण रडतो, तिकडं तिचा बंधारा झाला.

आता मुद्द्याची गोष्ट. या खाडीतून निघालेलं एक स्वप्न आपल्या जिल्ह्यापर्यंत आलं होतं, आणि ते आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही.

सर आर्थर कॉटन हा मद्रासचा इंग्रज इंजिनिअर. आडनाव कॉटन. त्यानं १८४७ ते १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला. दुष्काळानं पिचलेला तो मुलूख भाताचं कोठार झाला. त्या भागात आजही गावोगावी चौकात त्याचे पुतळे आहेत, लोक हार घालतात. इंग्रजाला हार घालणारे लोक पाहून मला आधी विचित्र वाटलं, मग कालवे पाहिले आणि वाटणं बंद झालं.

कॉटनचं म्हणणं असं होतं की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त. समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता, वर्धा असं वर वर बोटी न्यायच्या, आणि वर्धेच्या खोऱ्यातला, हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस बैलगाडीऐवजी पाण्यातून थेट खाडीत उतरवायचा. परतीला मीठ आणायचं. तसं मीठ आधीही तिकडूनच येत होतं, बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून. अहेरी-सिरोंचाचा साग तर तराफे बांधून राजमहेंद्रीपर्यंत जातच होता. म्हणजे नदी वाट होतीच, साहेबाला तिचा हमरस्ता करायचा होता.

त्यात १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. एकदम सगळ्यांना आपली काळी माती आठवली. नागपूरचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल स्वतः नदी पाहून आला आणि त्यानं योजनेच्या बाजूनं अहवाल दिला. कामावर इंजिनिअर होता हेग.

अडचण एकच होती आणि ती नदीनंच घालून ठेवली होती. वाटेत तीन ठिकाणी पात्रात मैलोगणती खडक, तिथं बोट जात नाही. पहिला अडथळा भद्राचलमजवळ दुम्मागुडेम. दुसरा इंचमपल्ली, इंद्रावतीच्या संगमाच्या खाली. तिसरा आपल्या प्राणहितेवर, देवलमरी, अहेरी तालुक्यात. या तिन्ही ठिकाणी बंधारा, बाजूनं कालवा, आणि बोट वर-खाली करायला दरवाजे, असा बेत.

या सगळ्या कारभारासाठी मधोमध एक गाव पाहिजे होतं. ते सिरोंचा. १८६० ला निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरचा पट्टा इंग्रजांनी घेतला आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हाच काढला. मुख्यालय सिरोंचा. आज आपण ज्याला जिल्ह्याचं शेवटचं टोक म्हणतो, बदलीची शिक्षा म्हणतो, ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. भद्राचलमपर्यंतचा कारभार तिथून चाले. पुढं डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड तिथं होता. त्याचं नाव अजून जिवंत आहे, सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे. तेलुगू-मराठी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी स्कॉटिश आडनाव. पाटी पाहिली आणि गाडी थांबवून फोटो काढला.

पण एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, नाहीतर सगळं फारच साहेबी होईल. योजनेची चर्चा सुरू होती त्याच काळात, १८५८ च्या २९ एप्रिलला, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला इंग्रजांचा तारायंत्राचा कॅम्प होता. बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांच्या लोकांनी तो लुटला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर निसटला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. आपण दरवर्षी तिथं जाऊन फुलं वाहतो, पण हल्ला तारेच्या कॅम्पवर का झाला हा प्रश्न फारसा विचारत नाही. मला वाटतं, नदीकाठानं येणारी तार, मागून येणारे मोजणीवाले, त्यांच्या मागून येणारा कंत्राटदार, ही रांग त्या माणसांना आपल्यापेक्षा आधी दिसली होती.

बरं, योजनेचं काय झालं? फसली. जंगल, हिवताप, मजूर मिळेनात, मिळाले तर टिकेनात. बोट चालणार पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे महिने, उन्हाळ्यात पात्रात वाळू. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला. १८६७ ला मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. मग कापूस खाडीत कशाला नेता, सरळ मुंबईला जातो ना. १८७१ ला सरकारनं काम बंद केलं, १८७४ ला अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा राहिला, तो अजून आहे. आपल्याकडं वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७७ ला वर्ध्याहून रेल्वे आली आणि आपलं तोंड कायमचं पश्चिमेकडं, मुंबईकडं वळलं. आपण नदीकडं पाठ केली ती तेव्हा. भद्रावतीचा माणूस आज सिरोंचाला जात नाही, पुण्याला जातो. मीपण पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गेलो. लाज वाटायला पाहिजे, थोडी वाटली.

सिरोंचाला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्याविषयी मी काही लिहीत नाही, ज्यांनी तो केला त्यांच्या कमरेला माहीत आहे. आम्ही तेलंगणाकडून पुलावरून आलो म्हणून वाचलो. हे पूल आत्ता आत्ताचे. त्याआधी कालेश्वरला जायचं तर डोंगा. तरीही दोन्ही काठांची सोयरीक कधी तुटली नाही. सिरोंचाच्या बाजारात तेलुगू चालते, मराठी चालते, गोंडी-माडिया चालते, आणि एकच माणूस तीनही बोलतो. हॉटेलवाल्यानं मला मराठीत चहा विचारला, पोराला तेलुगूत ओरडला. जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, इंग्रजी काळातलं विश्रामगृह आहे. जवळच कोटा गावाकडं दगडात डायनासोरच्या काळातले मासे सापडले होते, आणि बारापासॉरस नावाच्या प्रचंड डायनासोरची हाडं याच भागातली. सांगाडा मात्र कोलकात्याला. इथलं जे मोलाचं निघतं ते इथं राहत नाही, पहिल्यापासून.

घाटावर गेलो. प्राणहितेचं पाणी हिवाळ्यात स्वच्छ, हिरवट. २०२२ च्या एप्रिलमध्ये इथं प्राणहिता पुष्कर भरला होता, बारा वर्षांनी येतो, लाखोंनी लोक आले होते. आम्ही गेलो तेव्हा दोन म्हशी आणि एक म्हातारा होता.

म्हाताऱ्याशी बोलणं निघालं. शेतकरी, जमीन नदीकडंची. खाली मेडीगड्ड्याचं धरण आहे ना, त्याच्या पाण्याखाली आणि काठावर त्यांच्या बाजूच्या गावांच्या जमिनी आल्या. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला, २०१९ च्या जूनमध्ये ८५ दरवाज्यांच्या त्या बॅरेजचं उद्घाटन झालं, एक काठ तेलंगणाचा आणि एक सिरोंचा तालुक्याचा. पाणी तेलंगणाला. २०२२ च्या जुलैत महापूर आला तेव्हा सिरोंचाकडच्या गावांतली शेती गेली, आपल्याकडं वर्धेकाठी माजरीलाही तेच झालं होतं. त्यानंतर तिकडचे शेतकरी मोबदल्यासाठी कितीतरी दिवस उपोषणाला बसले, पेपरमध्ये आतल्या पानावर दोन ओळी. आणि २०२३ च्या २१ ऑक्टोबरला धरणाचा एक खांबच खचला. २१ ऑक्टोबर, बाबुरावांच्या फाशीचा दिवस. योगायोग आहे, त्याच्यापलीकडं त्यात काही शोधू नका, पण मला तो विसरता येत नाही.

धरण खचलं म्हणून पाणी सोडावं लागलं. म्हातारा म्हणाला, "पाणी होतं तवा जमीन गेली. आता पाणी नाही तरी जमीन काही आली नाही. पुरानं तिच्यावर रेती टाकली, आता तिच्यात पिकते काय?"

आता मुद्दा कळला असेल. कॉटनच्या वेळी खाडीकडच्या लोकांना वरचा कापूस पाहिजे होता, आता वरचं पाणी पाहिजे आहे. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. कॉटनचे कालवे मी डोळ्यांनी पाहिलेत, पाणी माणसाचं काय करू शकतं ते पाहिलं. भांडण तेलुगू माणसाशी नाहीच, सिरोंचाचा अर्धा माणूस तेलुगूच आहे. पण प्रत्येक वेळी नकाशा दुसरीकडं काढला जातो आणि तिसरा अडथळा आपल्या दारात निघतो. इंचमपल्लीचं धरण कित्येक वर्षं कागदावर आहे. तुमडीहेटीचं बॅरेज, अगदी वर्धा-वैनगंगेच्या संगमाखालचं, २००८ पासून चर्चेत होतं. आपल्या बाजूची गावं बुडतात म्हणून अडलं, म्हणून मेडीगड्डा आलं, आणि आता मेडीगड्डा खचल्यावर पुन्हा तुमडीहेटीचं नाव निघतंय. पाणी किती उंचीपर्यंत अडवणार, कोणती गावं, किती एकर, हे आपल्या ग्रामपंचायतींना आधी कळणार का नंतर? गोंडपिपरीकडचे कुणी वाचत असाल तर तुमच्या गावात मोजणी झाली का, कुणी नोटीस दिली का, ते खाली लिहा. आपल्या लोकप्रतिनिधींना हा प्रश्न मी लेखी विचारला आहे, उत्तर आलं की टाकतो.

निघताना म्हाताऱ्याला मी यानमचं सांगितलं. म्हटलं, बाबाजी, तुमच्या या घाटावरचं पाणी जिथं समुद्रात जाते ना, तिथून मी येऊन राहिलो. भरतीला तिथं नदी उलटी वाहते.

तो थोडा वेळ पाण्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "उलटी वाहते तर मग मीठ लागत असन पाण्याले."

मी म्हटलं, हो, खारट लागते.

"मग शेतीच्या काही कामाचं नाही," म्हणाला, आणि म्हशी हाकायला उठला.